चतुरांच्या काती आणि पाण्यातले डिंभ: पाहणी आणि ओळख कशी शिकायची?

पाणवठा

चतुर आणि त्यांची सडपातळ भावंडं असलेल्या टाचण्या यांचे फोटो काढणारी मंडळी आता तालुक्यातालुक्यात आहेत. आयनॅचरलिस्ट, ओडोनाटा ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर नोंदी वाढतायत, नव्या जातीही सापडतायत. २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२२ मध्ये चौकुळ गावाच्या नावाचा बर्मागोम्फस चौकुळेन्सिस हा चतुर जगासमोर आला. हे सगळं मोलाचं आहे. पण आपल्या जवळजवळ सगळ्या नोंदी उडत्या किड्याच्या आहेत, आणि त्याचं बरंचसं आयुष्य पाण्यात, डिंभ म्हणजे पंख न फुटलेलं पिल्लू म्हणून गेलेलं असतं. ती बाजू शिकायची असेल तर सुरुवात कुठून करावी, यासाठी हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवात कातीपासून करा, म्हणजे डिंभ पाण्याबाहेर येऊन चतुर होताना मागे टाकतो त्या रिकाम्या सालीपासून. जाळ्यापासून नको.

तळ्यावर चतुर दिसला म्हणजे तो त्याच तळ्यात वाढला असं नाही. पँटाला फ्लॅव्हेसेन्सचंच बघा. पावसाबरोबर आपल्याकडे सगळीकडे दिसणारा हा पिवळसर चतुर ऑक्टोबरात हजारोंच्या संख्येने मालदीवमध्ये उतरतो, आणि तिथे त्याला वाढायला गोडं पाणी जवळपास नाहीच. तिथली नोंद म्हणजे प्रवाशाची नोंद. याउलट लव्हाळ्याच्या पात्याला चिकटलेली रिकामी कात सापडली की अंड्यापासून शेवटच्या अवस्थेपर्यंतची सगळी वाढ त्या पाण्यात पार पडली, हे सिद्ध झालं. तळं बुजवायला निघालेल्यांसमोर, पाण्यात सांडपाणी सोडणाऱ्यांसमोर ठेवायला यापेक्षा भक्कम पुरावा नाही. शिवाय कात उचलताना कुठलाही जीव जात नाही.

दुसरं कारण ओळखीचं आहे. डिंभ पाण्यात दहा-पंधरा वेळा कात टाकतो आणि लहानपणी सगळ्यांचं रूप इतकं सारखं असतं की नाव लावणं अशक्य. ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे खुणा एकेक बघत नावापर्यंत नेणारे तक्ते, लिहिलेल्या असतात त्या शेवटच्या अवस्थेसाठी. पाण्याबाहेर खोडावर, भिंतीवर मिळालेली कात नेहमी शेवटच्याच अवस्थेची असते. म्हणजे शिकणाऱ्याच्या हातात आपोआप योग्य नमुना येतो.

कुठे बघायचं? पाणकणीस आणि लव्हाळ्याची पाती, पाण्यात वाकलेल्या फांद्या, बंधाऱ्याची भिंत, पुलाचा खांब, घाटाच्या पायऱ्यांची खालची बाजू. लिबेल्युलिडी आणि एश्निडी या कुळांतले बहुतेक चतुर कातीतून बाहेर पडताना मागे लोंबकळतात, म्हणून त्यांना उभा आधार आणि खाली मोकळी जागा लागते. गोम्फिडी कुळातल्यांना तेवढं लागत नाही. ते सपाट दगडावर, वाळूवरसुद्धा बाहेर येतात. म्हणून ओढ्यावर गेलात तर नुसती झुडपं चाळू नका, पाण्यालगतचे दगड आणि वाळूचा काठ गुडघ्यावर बसून बघा. मॅक्रोमिया आणि एपोफ्थाल्मिया या चतुरांचे लांब तंगड्यांचे डिंभ बरेच उंच चढतात, तेव्हा मान वर करूनही बघायला हवं.

कातीच्या पाठीला चीर असते आणि त्यातून पांढरे दोरे लोंबत असतात. ते श्वासनलिकांचं अस्तर आहे. ते दिसलं की ही रिकामी कात आहे, मेलेला डिंभ नाही, याची खात्री.

पाहणीची पद्धत अगदी सोपी ठेवा. काठाचा एक पट्टा ठरवा, समजा दहा मीटर. वेळ ठरवा, समजा अर्धा तास. त्या पट्ट्यातली प्रत्येक कात उचला, टाचणीची पिटुकलीसुद्धा. पुढच्या खेपेला जे सापडेल ते मधल्या काळातलं, हे तेव्हाच म्हणता येतं. आणि काहीच सापडलं नाही तर शून्य लिहा. आपल्याकडे कोणी शून्य लिहीत नाही, आणि मग एखादी जात खरंच कमी झाली का फक्त आपणच बघायला गेलो नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

ओळखीबद्दल खाली प्रतिसादात लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

निसर्गवेडी

फार दिवसांनी असा धागा आला. वाचतेय. एक शंका: आमच्या सोसायटीमागच्या आंब्याच्या खोडावर अशा तपकिरी काती दरवर्षी दिसतात, पाठीला चीर असलेल्या. पण जवळपास पाणी नाही. त्या चतुराच्याच का?

शेरणी

@निसर्गवेडी, त्या बहुधा सिकाडाच्या, म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणाऱ्या किड्याच्या असणार. पुढचे पाय बघा. सिकाडाचा डिंभ जमिनीत राहतो, त्यामुळे त्याचे पुढचे पाय उकरायला जाड आणि काटेरी असतात, आणि तोंडाच्या जागी रस शोषायची सोंड असते. चतुराच्या डोक्याखाली घडी घातलेला मोठा ओठ असतो. तो दिसला नाही तर चतुर नाही.

पाण्यात जाळं टाकणाऱ्यांचाही असाच गोंधळ होतो. टाचणीच्या डिंभाला शेपटीशी तीन पानं असतात, आणि मेफ्लाय या पाण्यातच वाढणाऱ्या दुसऱ्या किड्याच्या डिंभालाही बहुधा तीन शेपट्या असतात. पण मेफ्लायच्या शेपट्या दोऱ्यासारख्या बारीक आणि कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना. स्टोनफ्लाय या तशाच तिसऱ्या किड्याला दोनच शेपट्या. पाणभुंग्यांच्या अळ्यांना समोर उघडे, विळ्यासारखे जबडे असतात. ओठ हीच पहिली खूण.

पाणवठा

शेरणीताई, तुम्ही आलात हे फार बरं झालं. आता ओळखीचं.

टाचणी आणि चतुर वेगळे करणं सोपं. सडपातळ अंग आणि शेपटीशी तीन पानं असली की टाचणी. जाडसर अंग आणि शेवटी काट्यांचा छोटा सुळका असला की चतुर. चतुराचे कल्ले पोटाच्या आत, गुदाशयात असतात. तो तिथूनच पाणी आत घेतो, आणि जोरात बाहेर फेकून झेप घेतो.

मग चतुराचा ओठ बघायचा. खरी मजा इथे सुरू होते. बाजूने आणि खालून बघा. पळीसारखा खोलगट ओठ चेहरा झाकत असेल तर लिबेल्युलिडी किंवा त्यांच्या जवळची कुळं. सपाट ओठ डोक्याखाली निमूट बसलेला असेल तर एश्निडी किंवा गोम्फिडी. या दोघांत फरक स्पर्शिकांचा. एश्निडीच्या स्पर्शिका बारीक, सहा-सात खंडांच्या, डोळे मोठे, अंग लांबट. गोम्फिडीच्या स्पर्शिका चारच खंडांच्या, त्यातला तिसरा जाड आणि चौथा नावापुरता. गोम्फिडी गाळात-वाळूत पुरून घेतात, त्यामुळे कातीवरही बरेचदा माती वाळलेली असते. इक्टिनोगोम्फस रॅपॅक्सची कात एकदा बघितली की विसरत नाही: पोट रुंद, चपटं, जवळजवळ गोल. मॅक्रोगोम्फसचा दहावा खंड लांब नळीसारखा, कारण अंग गाळात आणि श्वासाला फक्त टोक वर. मॅक्रोमिडींचा ओठ खोलगटच, पण पाय कोळ्यासारखे लांब आणि कपाळावर दोन स्पर्शिकांच्या मध्ये छोटं शिंग.

एवढ्या खुणांवर कुळापर्यंत चुकणं अवघड. आणि माझ्या मते पहिल्या वर्षी कुळापर्यंतच थांबावं.

सह्यकडा

धागा उत्तम, पण कातीवर एवढा भर देणं मला पटत नाही. आमच्या भागात, कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटातल्या ओढ्यांवरच्या बऱ्याच जाती पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. एक जोरदार सर आली की काती वाहून गेल्या. टाचण्यांच्या काती तर वाऱ्यानेही जातात. तुमच्या पद्धतीने तिथे शून्य लिहिलं जाईल आणि ते शून्य खोटं असेल. ओढ्यावर जाळंच हवं: दगडाच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, खालच्या अंगाला जाळं धरायचं, पांढऱ्या ट्रेमध्ये उपडं करायचं. युफेइडी, क्लोरोसायफिडी अशा ओढ्यातल्या टाचण्या तुम्हाला काती शोधून किती मिळणार?

पाणवठा

@सह्यकडा, ओढ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पावसाळ्यातलं शून्य आणि कोरड्या आठवड्यातलं शून्य सारखं नाही. म्हणून नोंदीत "शेवटचा पाऊस कधी" हा रकाना हवाच, तो तुमच्यामुळे जोडतो.

पण शिकणाऱ्याने जाळं घेऊन उतरावं याला माझा विरोध कायम आहे. जाळ्यात येणारे बहुतेक डिंभ अर्धवट वाढीचे असतात. त्यांना नाव लावता येत नाही, आणि तळ ढवळल्याने बाकीच्या जिवांचंही नुकसान होतं. ज्याला हातातला डिंभ शेवटच्या अवस्थेतला आहे का हे कळतं, त्याने जाळं वापरावं.

शेरणी

दोघांचंही बरोबर आहे. मी दोन्ही करते.

शेवटची अवस्था ओळखायला पंखांचे कोंब बघा. ते पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडापर्यंत पोचले असतील तर शेवटची अवस्था. कोंब फुगलेले असतील आणि डिंभ काठाशी येऊन डोकं पाण्याबाहेर काढून बसला असेल तर तो बाहेर पडायच्या बेतात आहे. त्याला मुळीच हात लावू नका.

ओढ्यातल्या टाचण्यांचं सह्यकडा म्हणतात तसंच. त्या सुंदर असतात आणि कुळं ओळखायला सोप्या असतात. युफेइडीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे धागे असतात, शिवाय शेपटीशी फुगीर पिशव्या. क्लोरोसायफिडीला शेपटीशी तीनऐवजी दोनच लांब काटे दिसतात. कॅलोप्टेरिजिडीच्या स्पर्शिकेचा पहिला खंड इतका लांब की उरलेले सगळे मिळून तेवढे भरतात. शेरणीच्या झुडपाची मुळं ओढ्यात लोंबतात, तिथे हलक्या हाताने चहाची गाळणी फिरवली तरी हे डिंभ मिळतात. तळ ढवळावा लागत नाही. फोटो काढा आणि त्याच मुळांशी सोडा.

तळ्यातल्या लेस्टिडीचा ओठ दांड्यासारखा निमुळता आणि टोकाला रुंद. सिनॅग्रिओनिडी मात्र अवघड. तिथे ओठाच्या आतल्या बाजूचे केस मोजावे लागतात आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.

मु_पो_आजरा

नमस्कार. मी शेतकरी. आमच्या गोठ्याजवळ गुरांसाठी सिमेंटचा हौद आहे. त्याच्या आतल्या भिंतीला या काती कायम असतात, फक्त पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यातही. घरचे म्हणतात किडे पडले, हौद धुऊन काढा. पाण्यात ते बारीक कोळ्यासारखे फिरतात. गुरांना काही होतं का? आणि हा कुठला चतुर?

पाणवठा

@मु_पो_आजरा, दादा, गुरांना काही होत नाही. उलट हे डिंभ डासांच्या अळ्या खातात. म्यानमारमध्ये, यांगूनला, क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचे डिंभ घरच्या पाणीसाठ्यात सोडून डेंग्यूच्या डासांच्या अळ्या कमी करून दाखवल्या आहेत. क्रोकोथेमिस आपल्याकडेही आहे, नर लालभडक असतो तो. हौद धुवायचाच असेल तर सगळं पाणी एकदम काढू नका. तळातलं थोडं पाणी डिंभांसकट बादलीत ठेवा आणि परत ओता.

जातीबद्दल: सिमेंटचे हौद, विहिरी, कातळातली डबकी यांत वाढणारा एक नेहमीचा चतुर म्हणजे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. पण नुसत्या हौदावरून नाव लावणार नाही. पँटालासुद्धा हौदात वाढतो. दोन गोष्टी करा. एक, कातीचे तीन फोटो द्या: वरून, बाजूने आणि खालून. दोन, सकाळी लवकर हौदावर जा. कातीशेजारी ताजा चतुर बसलेला दिसला तर हात न लावता त्याच्या पंखांचा फोटो काढा. रंग आलेला नसतो, पण पंखाच्या टोकाजवळचा ठिपका बघता येतो.

गुरुजी_वाई

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना घेऊन हे करता येईल का? पाण्याजवळ मुलं न्यायची म्हणजे पालकांची काळजी असते, आणि ती रास्त आहे.

शेरणी

गुरुजी, कातींचा हाच मोठा फायदा. पाण्यात उतरावं लागत नाही. बंधाऱ्याची भिंत, घाटाच्या पायऱ्या, शाळेजवळचा हौद एवढं पुरतं. वर्गात आणून तीन ढीग करायला सांगा: टाचणी, खोलगट ओठाचे चतुर, सपाट ओठाचे चतुर. मुलं हे फार लवकर शिकतात. मग दहापट भिंग द्या आणि स्पर्शिका मोजायला लावा.

पावसाळ्यात चिखलात उतरायचं झालंच तर गमबूट, आणि पायाला जखम असेल तर नाहीच. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ कोकणात आणि घाटमाथ्यावर सगळ्यांना माहीत आहे. घरी आल्यावर साबणाने हात-पाय.

ओठ उघडायची रीतही मुलांना दाखवा. सुकी कात तशीच उघडायला गेलात तर मोडते. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ होते. मग एका सुईने डोकं धरून दुसऱ्या सुईने ओठ हलकेच पुढे ओढा. तो बिजागरीवर उलगडत येतो, आणि शिकार कशी पकडली जाते ते न सांगता कळतं. लिबेल्युलिडी असेल तर ओठाच्या दोन झडपांची कड बघा. पँटालाच्या झडपांना खोल दाते असतात, आणि पोटाच्या आठव्या-नवव्या खंडावरचे बाजूचे काटे लांबलचक. ऑर्थेट्रमचं अंग केसाळ, डोळे छोटे, डोक्याच्या पुढच्या कोपऱ्यात.

एश्निडीची मोठी कात मिळाली तर नर-मादीही सांगता येते. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला नवव्या खंडावर अंडी घालायच्या अवयवाची खूण दिसते.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असतो, इथल्या ब्रिटिश ड्रॅगनफ्लाय सोसायटीच्या पाहणीत भाग घेतो. इथे कातीची नोंद प्रजननाचा सगळ्यात पक्का पुरावा मानतात आणि नोंदीत तिला वेगळा रकाना असतो.

इथलं काम मात्र सोपं आहे. जाती मोजक्या, किल्ल्या तयार. चतुरांचे अभ्यासक फिलिप कॉर्बेट यांनी १९५० च्या दशकात एका तळ्यावर ॲनॅक्स इम्पेरेटरच्या काती रोज वेचून दाखवून दिलं की हा चतुर वसंतात थोड्या दिवसांत एकदम बाहेर पडतो, कारण डिंभ शेवटच्या अवस्थेत थंडी काढतात. एका माणसाने नेमाने काती वेचल्या, त्यातून एका प्राण्याचं वर्षाचं वेळापत्रक उलगडलं. आपल्याकडे थंडीऐवजी पाऊस आहे. सह्याद्रीत कोणत्या जाती एकदम बाहेर पडतात आणि कोणत्या वर्षभर थोड्याथोड्या, हे असंच नेमाने वेचून कळेल.

भारतासाठी कुठल्या किल्ल्या वापरता?

पाणवठा

@थेम्सकाठ, तीच अडचण आहे. भारतातल्या चतुर-टाचण्यांवरचे फ्रेझर यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ चे. त्यात काही डिंभांची वर्णनं आहेत, पण मुख्य भर प्रौढांवर. पश्चिम घाटात सुमारे २०० जाती आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे डिंभ अजून कोणी वर्णन केलेले नाहीत. म्हणून जातीचं नाव लावायची घाई नको म्हणतो. किल्लीत जी जात नाही, तिची कात किल्लीतल्या दुसऱ्या जातीच्या नावावर बसते आणि ती चुकीची नोंद वर्षानुवर्षं फिरत राहते. "गोम्फिडी, जात अनिश्चित" ही कमीपणाची नोंद नाही. कात जपून ठेवली असेल तर पुढे कोणी तरी ती ओळखेल.

शेरणी

कात आणि प्रौढ यांची सांगड घालायची दुसरी वाट म्हणजे वाढवणं. परवानगीची जागा असेल तर शेवटच्या अवस्थेतला एकच डिंभ बरणीत ठेवा. दोन ठेवलेत तर एक दुसऱ्याला खातो. पाणी त्याच तळ्याचं, नाहीतर नळाचं रात्रभर उघडं ठेवलेलं. आत खरखरीत काडी उभी करा, पाण्याच्या बरीच वर येईल अशी, नाहीतर चढायला जागा न मिळाल्याने तो मरतो. खायला डासांच्या अळ्या. बाहेर पडला की पंख कडक होऊ द्या, फोटो काढा आणि मूळ जागी सोडा. कात आणि फोटो एकाच क्रमांकाने ठेवा. अशी एक जोडी शंभर अंदाजांपेक्षा उपयोगी.

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात यातलं काहीही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. तिथे कातसुद्धा उचलायची नाही, जागेवरच फोटो.

सह्यकडा

कात ठेवायची कशात? माझ्याकडे पूर्वी जमवलेल्यांचा भुगा झाला, मुंग्या लागल्या.

शेरणी

पूर्ण वाळवून काड्यापेटीत किंवा झाकणाच्या छोट्या डबीत, एका डबीत एकाच जागेच्या, एकाच दिवसाच्या. वर डांबरगोळी ठेवलेला मोठा हवाबंद डबा. कापूस नको, पाय अडकून तुटतात. आत चिठ्ठी पेन्सिलने लिहा: तारीख, गाव-तालुका, अक्षांश-रेखांश, पाण्याचा प्रकार, कात कशावर होती आणि पाण्यापासून किती उंच, गोळा करणाऱ्याचं नाव. डिंभ अल्कोहोलमध्ये ठेवायची वेळ आली तर शाईची चिठ्ठी पुसून जाते, पेन्सिलची राहते. चिठ्ठी नसलेली कात मी घेत नाही.

आणि जाळं एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी कडक उन्हात वाळवा. जाळ्यात अडकलेला जलपर्णीचा एक तुकडाही ती दुसऱ्या तळ्यात पसरायला पुरतो.

मु_पो_आजरा

फोटो जोडलेत. पहाटे हौदावर गेलो तर भिंतीला एक ताजा बसलेला होता, खाली त्याची कात. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका मध्ये काळपट आणि दोन्ही टोकांना पांढरा दिसतोय. अंगावर राखाडी ठिपके यायला लागलेत. कातीचा ओठ खोलगट आहे. आणखी सहा काती होत्या, त्या तशाच आहेत.

पाणवठा

दादा, फोटो स्पष्ट आलेत. दोरंगी ठिपका आणि राखाडी नक्षी, हा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटाच. त्या पहाटेच्या कातीची नोंद जातीच्या नावाने करा. बाकीच्या सहा आधी ओठ आणि काटे बघून याच्याशी जुळतात का ते तपासू. तोवर त्या "लिबेल्युलिडी" म्हणून लिहा. सगळ्या काढून चिठ्ठीसह डबीत ठेवा आणि भिंत मोकळी करा. मग दर रविवारी मोजा. हौदाची लांबी-रुंदी आणि पाण्याची उंचीही लिहून ठेवा. वर्षभराचा एका हौदाचा आकडा मिळाला तर तो इथेच टाका.